शब्दचर्चा: विमानांच्या फॉर्मेशनला 'व्यूह' म्हणावं का?

प्रश्न
'विंग्ज ऑफ ग्लोरी' हा टेबलावर छोटी विमानं मांडून खेळायचा हवाई युद्धाचा खेळ नव्या मंडळींना शिकवतो. त्यासाठी मराठीत पत्रक लिहितोय आणि 'फॉर्मेशन'पाशी, म्हणजे विमानांनी एकमेकांच्या तुलनेत ठरलेल्या जागी राहून एकत्र उडण्यापाशी, अडलोय. व्यूह, रचना की थवा? आणि ते 'राखायचं' की 'धरायचं'?

प्रतिसाद
व्यूह नको. व्यूह म्हटलं की शत्रू त्यात शिरणार, अडकणार असं चित्र उभं राहतं. इथे प्रश्न आपल्याच विमानांनी एकमेकांपासून फुटू नये एवढाच आहे. 'रचना' चालेल, पण मांडून ठेवलेल्या वस्तूंचीही रचनाच असते.

प्रतिसाद
थव्याला आधार आहे. स्पेनच्या यादवी युद्धात जर्मन वैमानिकांनी, विशेषतः व्हेर्नर म्योल्डर्सने, चार विमानांची जी मोकळी मांडणी रुळवली, तिचं नाव 'श्वार्म', म्हणजे थवाच. त्यात दोन जोड्या, जोडीला 'रोटं'. जोडीतल्या विमानांत साधारण 200 मीटर अंतर. 1940 मध्ये ब्रिटिश तीन-तीन विमानं इंग्रजी व्ही अक्षरासारखी दाटीने उडवत. बाजूच्या दोघांचं निम्मं लक्ष म्होरक्याला धडकू नये यातच जाई. पुढे त्यांनीही चारांची मांडणी उचलली, ती 'फिंगर फोर'. मी रोटंला 'जोडगोळी' म्हणतो आणि विंगमनला, म्हणजे म्होरक्याच्या सोबत उडणाऱ्या जोडीदाराला, 'पाठीराखा'. त्याचं कामच ते!

प्रतिसाद
पाठीराखा फारच छान. थव्याबद्दल मात्र शंका आहे. थव्यात कोण कुठे हे ठरलेलं नसतं, श्वार्ममध्ये प्रत्येकाची जागा पक्की.

शब्द निवडण्याआधी टेबलावर काय घडतं ते बघा, कारण नवे खेळाडू तिथेच चुकतात. पहिल्या महायुद्धाच्या संचात विमान कसं सरकेल हे ठरवणारी तीन कार्डं दर फेरीला आधीच पालथी लावायची असतात. दोघांनी सारखी कार्डं लावली की फॉर्मेशन टिकलं असं सगळ्यांना वाटतं. सरळ जाताना ते खरंच टिकतं. पण शेजारी-शेजारी उडणाऱ्या दोन विमानांनी एकदमच उजवीकडे काटकोनात वळण घेतलं, तर डावीकडचं विमान आता दुसऱ्याच्या मागे आलेलं असतं. अंतर तेच, दिशा तीच, फॉर्मेशन वेगळं. शेजारीच राहायचं तर बाहेरच्याला लांबचा वळसा हवा, आणि तितक्या वेगाचं कार्ड त्याच्याकडे असेलच असं नाही.

यावरचा उपाय वैमानिकांनीच काढला होता: बाजू बदलून वळणं. दोघांत एका सरळ कार्डाइतकं अंतर ठेवा. उजवीकडे वळायचंय तर डावीकडचा आधी वळतो, मग एक कार्ड सरळ जातो. उजवीकडचा आधी एक कार्ड सरळ जातो, मग तेवढाच वळतो. पहिला दुसऱ्याच्या मागून पलीकडे निघतो आणि दोघं पुन्हा शेजारी येतात, फक्त बाजू बदललेल्या. कुणालाच वेग वाढवावा लागत नाही. जोडी एकाच जातीची हवी, एवढी अट. सॉपविथ कॅमल आणि स्पॅड या दोन जातींच्या विमानांचे कार्डसंच वेगळे, त्यांची वळणं जुळत नाहीत.

म्हणून मला क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. 'धरणं' म्हणजे जागेवर येणं, 'राखणं' म्हणजे दर कार्डाला ती जागा टिकवणं. दोन्ही लागतील.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. हे वळण पत्रकात आकृतीसह घालतो. नाम 'फॉर्मेशन'च ठेवतो, खेळणारे तेच बोलतात. वाक्य असं: 'जोडगोळीने सरळ जाताना फॉर्मेशन राखावं, वळताना पाठीराख्याने बाजू बदलून ते पुन्हा धरावं.'

प्रतिसाद
'पाठीराख्याने' काढून 'दोघांनी' करा. डावीकडे म्होरक्या असेल आणि उजवीकडे वळायचं असेल, तर आधी वळण त्याचं असतं.