जलपर्णी काढली आणि तळं हिरवंगार झालं: मोरचूद टाकावा का?

पाझर:
चार एकरांचं गावतळं, सरासरी खोली दीड मीटर. उन्हाळ्यात जेसीबी लावून जलपर्णी काढली, सोबत तळातली हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी पाणवनस्पती) ही खरवडून निघाली. आता पाणी पालकाच्या रसासारखं झालंय. पहाटे मासे वर येऊन हवा गिळतात, दुपारी सगळं ठीक. तळं मासेमारीसाठी ठेक्याने दिलंय, गुरंही तिथेच पितात. मोरचूद किती टाकावा? आणि जलपर्णी जाऊनही हे का व्हावं?

लव्हाळा:
मोरचूद टाकू नका. हिशेब मात्र बघा: 16,000 चौरस मीटर गुणिले दीड, म्हणजे 24,000 घनमीटर पाणी. लिटरला 1 मिलिग्रॅम धरलं तरी 24 किलो. एवढ्याने शेवाळ एकदम मरेल, ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपेल आणि मासे एका रात्रीत उलटतील. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार; आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्यात तांबं लवकर खाली बसतं आणि गाळात कायमचं राहतं. शिवाय शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा (पाण्यातले बारीक जीव) याहून कितीतरी कमी मात्रेत मरतात. म्हणजे पुढची लाट खायला कोणीच नाही.

आधी शेवाळ कोणतं ते बघा. पारदर्शक बाटलीत पाणी भरून दोन-तीन तास न हलवता सावलीत ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर बहुधा नील-हरित शेवाळ. पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे ते वर येतं. सारखं पसरून राहिलं किंवा तळाशी बसलं तर साधं हिरवं. काठीला दोऱ्यासारखं गुंडाळलं गेलं तर तंतुमय. पाण्यात हिरवा रवा मिसळल्यासारखे कण दिसले तर मायक्रोसिस्टिसचा (विषारी नील-हरित शेवाळाचा) संशय धरा आणि गुरं लगेच बंद करा. त्याचं विष उकळल्याने जात नाही. मोरचुदाने पेशी फुटून ते उलट पाण्यात मोकळं होतं.

गाळमाती:
'का' याचं उत्तर हायड्रिलात आहे. उथळ तळं दोनच प्रकारे स्थिरावतं: तळात वनस्पती आणि पाणी नितळ, किंवा वनस्पती नाही आणि पाणी हिरवं. अन्नद्रव्यं दोन्हीकडे तितकीच असू शकतात. पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, पाण्यातली अन्नद्रव्यं घेतात, आणि पाणपिसवांना माशांपासून लपायला जागा देतात. तुम्ही जलपर्णी काढलीत ते बरोबरच, तिच्या सावलीने खालचं सगळं मरतं. पण हायड्रिला गेली आणि मोकळी जागा शेवाळाने घेतली. एकदा पाणी गढूळ-हिरवं झालं की तळाशी उजेड पोचत नाही आणि वनस्पती परत येत नाही.

जलपर्णीचा ढीग कुठे टाकलाय? काठावरच असेल तर पावसाने त्यातलं नत्र-स्फुरद परत तळ्यात गेलंय. ढीग बांधाच्या पलीकडे, उताराच्या बाजूला हवा.

पाझर:
ढीग काठावरच आहे. बाटलीत थर वर आला. गुरं बंद केली. ठेकेदार म्हणतो, गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की सगळं साफ.

लव्हाळा:
गवत्या शेवाळ खात नाही. तो हायड्रिला आधी फस्त करतो, जलपर्णीला फारसं तोंड लावत नाही. नेमकं उलटं काम. बाकीचे मासेही बघा: सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो, कटला पाणपिसवा खातो. चंदेरा (सिल्व्हर कार्प) शेवाळ खातो खरा, पण मायक्रोसिस्टिसच्या वसाहती त्याच्या पोटातून बऱ्याचदा जिवंत बाहेर पडतात.

इथे एक गोष्ट ठरवावीच लागेल. मत्स्यपालनात पाण्यात सोडलेली पांढरी-काळी तबकडी 25 ते 40 सेंटिमीटर खोलीपर्यंत दिसणं चांगलं मानतात. हिरवं पाणी त्यांना हवंच असतं, त्यासाठीच शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात. नितळ पाणी हवं असेल तर ठेक्याच्या करारात खत-खाद्य बंद आणि सायप्रिनस नको, हे लिहून घ्या. दोन्ही एकदम जमत नाही.

तोपर्यंत मासे वाचवायला पहाटे 3 ते 6 पंपाने पाणी उपसून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. रात्री शेवाळही श्वास घेतं, त्यामुळे ऑक्सिजन उजाडताना सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतरची पहाट जास्त धोक्याची.

गाळमाती:
पाणी नितळ हवं असेल तर तळात पाणवनस्पती परत लावाव्या लागतील, त्या लावणीचं सांगतो. 20 सेंटिमीटरची तबकडी दोरीला बांधून सोडा, दिसेनाशी होते ती खोली मोजा. ढोबळमानाने त्याच्या दुपटीपर्यंत वनस्पती तगते. तबकडी 25 ला नाहीशी झाली तर अर्ध्या मीटरच्या आतच लावा, मध्यात लावून उपयोग नाही. फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया घ्या: गोणपाटाच्या तुकड्यात गाळाची मूठ आणि दोन खडे, त्यात तीन-चार रोपं, तोंड सुतळीने सैल बांधून खाली ठेवा. भोवती बांबू आणि बारीक जाळी हवीच, नाहीतर मासे आठवड्यात उपटतील. पाऊस ओसरून गढूळपणा बसला की सुरुवात करा. हायड्रिला लावायची गरज पडत नाही. गाळात गाठी उरल्या असतील तर स्वतःच उगवते. मग ती पुन्हा सगळी काढू नका. होडीपुरत्या वाटा कापा, निदान तिसरा भाग ठेवा.

नाल्याच्या तोंडाशी पाणकणीस असेल तर राहू द्या, पण वाळायच्या आत कापून बाहेर न्या. तिथेच कुजलं तर घेतलेलं सगळं परत पाण्यात.

आणि जलपर्णीचं बी गाळात 15-20 वर्षं टिकतं. पोषक पाण्यात दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, म्हणून आठवड्याला एक फेरी मारून सुटी रोपं हातानेच काढा. तेव्हा एक टोपली पुरते, दोन महिने उशीर केला तर परत जेसीबी.