विषय: इगतपुरीची एग्झिट चुकली तर? (डिसेंबरात नाशिकला जाणाऱ्यांनी वाचा)

मंडळी नमस्कार,

नाशिकहूनच लिहितेय. परवा ठाण्याला नणंदेकडे गेलो होतो, येताना भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. गाडी बाबांची, चालवत मी. कसाऱ्याचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा संपला की लगेच इगतपुरीची एग्झिट. इतकी वर्षं न्यू जर्सीत उजवीकडून बाहेर पडायची सवय! माझी नजर उजवीकडे, आणि एग्झिट डावीकडून गेलीसुद्धा.

नवरा म्हणाला, "कडेला घे, थोडंसंच तर मागे जायचंय." आरशात बघितलं तर बोगद्यातून ट्रक बाहेर पडत होता. १२० ची मर्यादा असलेला रस्ता, त्यात अंधारातून एकदम उजेडात आलेला ड्रायव्हर. त्याला आपली गाडी उलटी येतेय हे कळेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. गुपचूप सरळ गेले.

पुढची एग्झिट भरवीर, साधारण २५ किलोमीटरवर. तिथून घोटी-सिन्नर रस्त्याने मागे घोटीला, मग नेहमीचा मुंबई-नाशिक हायवे. खाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. लेक विचारतो, "आई, यात कोण राहतं?" शेवटी थांबून हात लावून दाखवल्या.

– गंगापूर रोडची लेक

---

बरं केलंस, सरळ गेलीस ते. मी दर हिवाळ्यात इथे असतो, माझं चुकतं ते शहरात. पाथर्डी फाट्याकडून आलं की लांबलचक उड्डाणपूल लागतो. नाशिकरोडला जायचं असेल तर द्वारका चौकाच्या आधी खाली उतरायचं. तो उतार चुकला की द्वारका खालून निघून जाते, गोदावरी ओलांडतो आणि के. के. वाघ कॉलेजपाशी जमिनीला पाय लागतात. लागू देत. पुलाखालून वळून परत यायचं.

खरा मोह तिथे होतो. सर्व्हिस रोडवर चार जण उलटे येत असतात, आपल्यालाही वाटतं घालावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून उलट्या दिशेने गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग धरतात. पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. वर मंडळात तोंड दाखवायला जागा नाही.

आणि शेजारी बसणाऱ्यांनी "अगं वळ, वळ!" ओरडू नये. अर्धे गोंधळ तिथूनच होतात.

– इंदिरानगरचा काका

---

काका, शेवटची ओळ नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली.

टोलचं एक सांगायचं राहिलं. समृद्धीवर जितकं अंतर तितका टोल, तो बाहेर पडताना कापतात. म्हणजे चुकल्याचा भुर्दंड पडतो, पण पुढच्या एग्झिटपुरताच. आपण घरी काही बोलायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. पण फास्टॅग बाबांच्या नावावर, मेसेजही त्यांच्याच फोनवर. दार उघडलं ते चष्मा कपाळावर, फोन हातात, आणि पहिला प्रश्न: "भरवीरला काय काम काढलं होतंस गं?"