‘फरारी गुलाम कायदा’ : ‘फरारी’, ‘परत करणे’ आणि ‘मालक’ या शब्दांविषयी

प्रश्न

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या दशकाविषयी मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. त्यात १८५० च्या ‘फ्युजिटिव्ह स्लेव्ह ॲक्ट’चा, म्हणजे दुसऱ्या राज्यात पळून गेलेल्या गुलामांना पकडून गुलामधारकांच्या हवाली करण्याच्या कायद्याचा, उल्लेख वारंवार येतो. ‘फरारी गुलाम कायदा’, ‘पळपुट्या गुलामांचा कायदा’ आणि ‘गुलाम प्रत्यर्पण कायदा’ असे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. यांपैकी कोणता स्वीकारावा, आणि कायद्याचे नाव वगळून एरवीच्या निवेदनातही तोच शब्द ठेवावा का?

उत्तर

‘पळपुटा’ प्रथम बाजूला ठेवू. मराठीत पळपुटा तो, जो लढायचे सोडून भित्रेपणाने पळतो. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून, पकडले गेल्यास फटके निश्चित हे ठाऊक असताना निघालेल्या माणसाला तो शब्द लावणे अन्यायाचे होईल. ‘प्रत्यर्पण’ दोन सार्वभौम देशांमध्ये होते, आणि येथे प्रश्न एकाच संघराज्यातील राज्यांचा होता.

कायद्याच्या नावात ‘फरारी’ अवश्य ठेवावा. या शब्दाबरोबर आरोपी, वॉरंट आणि पोलीस डोळ्यांसमोर येतात, आणि कायदा करणाऱ्यांना नेमके तेच अभिप्रेत होते. १७८७ च्या घटना परिषदेत साउथ कॅरोलिनाच्या बटलर आणि पिंकनी यांनी पळून गेलेल्या गुलामांना गुन्हेगारांप्रमाणे स्वाधीन करण्याची तरतूद मागितली होती. त्यावर कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन यांनी सरकारने गुलाम पकडून देणे हे घोडा पकडून देण्याइतकेच अप्रस्तुत असल्याचा शेरा मारला होता. १७९३ च्या पहिल्या कायद्यात तर न्यायापासून पळालेले आणि श्रमापासून पळालेले अशा दोघांचीही व्यवस्था एकत्रच केलेली होती.

मूळ राज्यघटनेची भाषा मात्र फार सावध आहे. तिच्यात ‘गुलाम’ हा शब्दच नाही. एका राज्यात तेथील कायद्यांनुसार सेवेस अथवा श्रमास बांधील असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात निसटून गेली, तर तेथील कोणत्याही कायद्यामुळे तिची त्या सेवेतून मुक्तता होणार नाही आणि ज्याला ती सेवा देय असेल त्याने दावा करताच तिला हवाली केले जाईल, असा त्या कलमाचा आशय आहे. ‘तेथील कायद्यांनुसार’ या शब्दांच्या जागी आधी ‘कायदेशीररीत्या’ अशा अर्थाचा शब्द होता. त्यामुळे गुलामगिरी नैतिक दृष्ट्याही वैध असल्याचा भास होईल, या काहींच्या आक्षेपावरून तो बदलल्याचे परिषदेतील प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांत नोंदलेले आहे. या कलमाचे भाषांतर करताना कृपया ‘गुलाम’ घालू नये, आणि ‘वेठबिगार’ तर मुळीच नको, कारण वेठबिगारीला आपल्याकडे स्वतंत्र इतिहास आहे. पेशवेकालीन कागदांतील ‘कुणबीण’ (दासी) या शब्दालाही हेच लागू होते.

अन्यत्र ‘गुलाम’ हाच शब्द योग्य. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांचे कार्य सांगताना अर्पणपत्रिकेत ‘गुलाम’ आणि ‘दास्यत्व’ हे दोन्ही शब्द आले आहेत. तेव्हापासून या विषयाचा मराठी शब्द ठरलेलाच आहे.

दुसरे मत

नावापुरता ‘फरारी’ मान्य आहे. परंतु संपूर्ण लेखात ‘फरारी अमुक’ असे लिहीत गेल्यास आपण नकळत गुलामधारकाच्या बाजूने बोलू लागतो. अमेरिकेतील अनेक इतिहासकार आणि तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा आता ‘फ्रीडम सीकर’ म्हणतात. त्यासाठी ‘मुक्तिसाधक’ असा शब्द सुचवावासा वाटतो.

उत्तर

हेतू पटतो, शब्द पटत नाही. मराठी कानाला ‘मुक्ती’ आणि ‘साधक’ एकत्र आले की जपमाळ दिसू लागते. ‘सुटका’ हा साधा शब्द हाताशी असताना संस्कृताकडे जाण्याचे कारण नाही. ‘स्वतःची सुटका करून घेतलेला’ किंवा ‘निसटून आलेली’ असे लिहावे. १८५४ मध्ये बॉस्टनमध्ये पकडल्या गेलेल्या अँथनी बर्न्सविषयी लिहिताना कायद्याच्या दृष्टीने तो फरारी होता, हे एकदा सांगून पुढे त्याचे नावच वापरावे.

माझ्या मते ‘फरारी’पेक्षा ‘परत करणे’ हा प्रयोग अधिक फसवा आहे. मार्गारेट मॉर्गन ही मेरीलँडमध्ये जवळपास स्वतंत्रपणे राहणारी स्त्री १८३२ मध्ये पेनसिल्व्हेनियात राहावयास गेली, आणि १८३७ मध्ये गुलाम पकडणाऱ्या एडवर्ड प्रिगने व त्याच्या साथीदारांनी तिला मुलांसकट मेरीलँडला नेले. त्या मुलांपैकी किमान एक पेनसिल्व्हेनियातच जन्मलेले होते. जे मूल मेरीलँडमध्ये कधी नव्हतेच, ते ‘परत’ कसे जाईल? १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रिगच्या बाजूने निकाल देऊन पेनसिल्व्हेनियाचा संरक्षक कायदा घटनाबाह्य ठरवला. मात्र न्यायमूर्ती स्टोरी यांनी राज्यांच्या अधिकाऱ्यांवर अंमलबजावणीची सक्ती करता येणार नाही, अशी वाटही ठेवली, आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने तिचा लाभ घेतला. १८५० चा कठोर कायदा मुख्यतः ही वाट बुजवण्यासाठी आला.

म्हणून ‘परत’ऐवजी ‘हवाली करणे’ किंवा ‘स्वाधीन करणे’ बरे. ‘स्वाधीन’चा मूळ संस्कृत अर्थ ‘स्वतःच्या अधीन’, म्हणजे स्वतंत्र, असा आहे, आणि मराठीत एखाद्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य काढून घेणे. या विषयात हा विरोध बोचतो, तरी शब्द रूढ आहे.

‘मालक’ या शब्दाचेही तसेच आहे. सुनावणीपूर्वी तो केवळ ‘दावेदार’ असतो. १८५० च्या कायद्यानुसार ज्यूरी नव्हती, पकडलेल्या व्यक्तीची साक्ष ग्राह्य नव्हती, आणि सुनावणी घेणाऱ्या आयुक्ताला दावेदाराच्या बाजूने निर्णय दिल्यास १० डॉलर, अन्यथा ५ डॉलर मिळत. कागदपत्रे अधिक लागतात, असे त्याचे समर्थन केले जाई. विरोधकांना ती उघड लाच वाटे. अडथळा आणणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. अशा सुनावणीच्या वर्णनात प्रथमपासून ‘मालक’ लिहिले, तर जे सिद्ध करावयाचे तेच आपण गृहीत धरतो.

पुरवणी

‘प्रत्यर्पण’ एका ठिकाणी मात्र उपयोगी पडेल. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे तीन गुलाम आश्रयास आले, तेव्हा जनरल बेंजामिन बटलर (हे घटना परिषदेतील बटलर नव्हेत) यांनी त्यांना देण्यास नकार दिला. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असल्यामुळे हा कायदा परक्या देशाला लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या तिघांना ‘युद्धातील निषिद्ध माल’ ठरवून ठेवून घेतले गेले. म्हणजे माणसांना माल मानणाऱ्या भाषेनेच त्यांना आसरा मिळाला. कायदा प्रत्यक्षात रद्द झाला तो जून १८६४ मध्ये.

उत्तरेकडील राज्यांनी पळून आलेल्यांच्या रक्षणासाठी केलेल्या ‘पर्सनल लिबर्टी लॉज’साठी ‘व्यक्तिस्वातंत्र्य कायदे’ चालेल, पण पहिल्या उल्लेखात खुलासा हवा. अन्यथा वाचकाला भाषणस्वातंत्र्य आठवेल. ज्यूरीची हमी देणे, राज्याचे तुरुंग वापरू न देणे, असे त्यांचे स्वरूप होते. त्याचबरोबर ‘दक्षिणेने राज्यांच्या हक्कांसाठी संघ सोडला’ हे वाक्य लेखात असल्यास ते पुन्हा तपासावे. डिसेंबर १८६० च्या साउथ कॅरोलिनाच्या घोषणापत्रातील एक मोठी तक्रार अशी होती की, उत्तरेकडील राज्ये आपले कायदे वापरून संघाचा हा कायदा निष्फळ करत आहेत.