रंगाला गुण, की रस्त्याला?

दांडियाबाजार: रविवारी बडोद्यातच एका छोट्या मेळाव्यात जुन्या गाड्यांचं परीक्षण पाहिलं. पहिला नंबर मिळालेल्या अँबॅसेडरला ट्रेलरवरून उतरवून ढकलत जागेवर लावलं होतं. पादऱ्याहून स्वतः चालत आलेल्या १९६८च्या फियाटचे गुण कापले, कारण मडगार्डचा रंग विटलाय आणि बंपरवर डाग आहेत. बॉनेट उघडून पाहिलं, पण इंजिन चालू करायला कोणी सांगितलंच नाही.

मला हे पटत नाही. गाडी चालवायची असेल तर निम्मे गुण चालण्याला हवेत. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर मालकाने ती सकाळीच चालवून ठेवली आहे. थंड इंजिन चोक ओढून किती प्रयत्नांत लागतं, तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा दाब टिकतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहिल्याशिवाय तिची प्रकृती कळणार कशी?

सुरसागर: काका, तुमचा राग समजतो, पण मत पटत नाही. पिस्टन, बेअरिंग, ब्रेक शू उद्याही बदलता येतील. कारखान्यातून आलेला रंग आणि मूळ सीटचं कापड मात्र एकदा गेलं की गेलंच. जे परत मिळत नाही त्यालाच जास्त गुण हवेत.

दांडियाबाजार: मग त्या विटलेल्या मडगार्डला गुण मिळायला हवे होते ना! तो रंग १९६८चाच होता. अँबॅसेडर नवी रंगवलेली होती.

सुरसागर: ते मान्य. तिथे परीक्षकांचं चुकलं.

पत्रेवाला: तीस वर्षं डेंटिंगचं काम करतोय, म्हणून सांगतो. फियाट ११००ला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, पत्राच सगळा भार पेलतो. दरवाज्याखालचा पत्रा सडला तर चारही दारं बसेनाशी होतात. वरून पुट्टी भरून आरशासारखा रंग मारता येतो. लोहचुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे खाली पुट्टी आहे. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शिरलेल्या गाड्या मी खोलल्यात. बाहेरून एकदम टकाटक, पण पोकळ भागांत गाळ घट्ट बसलेला. कार्पेट उचलून वास घेतला तरी कळतं. म्हणून गुण द्यायचे तर गाडीखाली झोपून द्यावेत, एवढंच माझं म्हणणं.

कारेलीबाग: मी पूर्णपणे विरुद्ध बाजूचा. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात ‘२१ गन सॅल्यूट’ या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातल्या गाड्या पाहिल्यात. तो वारसा आहे. खड्ड्यांतून पळवून तो झिजवायचा कशाला? २०२१च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज नोंदणीच्या गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत.

दांडियाबाजार: रोज कोण म्हणतंय, दादा? त्याच नियमांत रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर आणायची मुभा आहे. आणि उभी गाडी झिजत नाही हा मोठा गैरसमज आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे कोरड्या ऑइलला किमान २०५ अंश, ओलावा मुरल्यावर १४०. अशी गाडी पावागडला माचीपर्यंत चढवाल, पण उतरताना ब्रेकचे ड्रम तापले, ऑइलची वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं. गाडी कितीही चमकत असली तरी हे टळत नाही. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसते, पण बाजूवरचे चार आकडे वाचा. १२१४ म्हणजे २०१४चा बारावा आठवडा. त्या रबरावर मी नातवंडांना बसवणार नाही.

कारेलीबाग: टायरचं पटलं. आमच्या घरची गाडी सहा वर्षं हललेली नाही, आज आकडे बघतो. पण ब्रेकच्या चाचणीत गाडी ठोकली गेली तर भरपाई कोण देणार? त्या अँबॅसेडरचा मालक परक्याच्या हाती किल्ली देईल?

दांडियाबाजार: परक्याने चालवायचीच नाही. मालक चालवेल, परीक्षक शेजारी बसेल. दहा किलोमीटर पुरे. नकार दिला तर त्या भागाचे गुण शून्य, बाकीचे शाबूत.

सुरसागर: शून्य जास्त कठोर होतं, काका. ज्याची गाडी फक्त जतनासाठी आहे त्याने वेगळ्या गटात उतरावं.

पत्रेवाला: गट वेगळे करा, पण गाडीखालची तपासणी दोन्हींकडे ठेवा. सडलेला पत्रा उभ्या गाडीतही वाढतच असतो.