मदत हवी आहे: मॉर्मन उपासनेत तबक हातात आलं तर?

मैत्रिणीच्या बाळाला आशीर्वाद देणार आहेत, म्हणून रविवारी तिच्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला, ख्रिस्ताला मानणारा पंथ) उपासनेला जायचंय. मी कॅथलिक. वाचून एवढं कळलं की त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या विधीत भाकर असते आणि द्राक्षारसाऐवजी पाणी. प्रार्थना बहुधा किशोरवयीन मुलं म्हणतात आणि शब्द चुकला तर ती पुन्हा म्हणावी लागते. (आमच्या फादरांवर हा नियम नाही ते बरं!) भाकर-पाणी ख्रिस्ताच्या आठवणीसाठी, ते खरंच ख्रिस्तशरीर होतं, असं ते मानत नाहीत.

फादरांना विचारलं. "घेऊ नकोस," एवढंच म्हणाले. कारण समजतं, २००१ साली रोमने त्यांचा बाप्तिस्माही ग्राह्य धरला नाही. त्यामुळे 'घ्यावं का' हा प्रश्नच नाही.

अडचण वेगळीच आहे. आमच्या मिस्सात (रविवारच्या उपासनेत) कम्युनियनला, म्हणजे भाकर घ्यायला, उठलं नाही तरी चालतं. तिथे मात्र छोटं तबक बाकावर हातोहात फिरतं, आणि मी मधोमध, तिच्या आईशेजारी बसणार. मैत्रिणीला विचारलं तर म्हणते, "तुला हवं तसं कर." तिला वाईट वाटायला नको.

जे पाहुणे म्हणून गेलेत त्यांनी सांगा: तबक काही न घेता पुढे दिलं तर चालतं का? आणि प्रार्थनेनंतर सगळे 'आमेन' म्हणतात, तेव्हा मी गप्प राहिले तर खटकेल का?