पांडवलेणी : शिलालेखातील व्याजाचा हिशेब

नाशिकजवळची पांडवलेणी पांडवांनी वनवासात कोरली आणि याविरुद्ध लेखी पुरावा नाही, असे म्हटले जाते. त्यातील दुसरे विधान मान्य होण्यासारखे नाही, कारण पुरावा लेण्यांच्या भिंतींवरच ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक शासक) नहपानाचा जावई उषवदात याने लेणे भिक्खुसंघाला दिल्याचे नोंदवून त्याच्या खर्चाची तजवीजही सांगितली आहे. तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज मिळावे आणि त्यातून वर्षावासातील (पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या) वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, अशी अट आहे. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. (आपल्या बँकांच्या ठेवीदारांना हा दर पाहून हेवा वाटेल.) शिवाय हे दान निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवून दप्तरात नोंदवले, असेही तोच लेख म्हणतो. गंगापूरजवळचे गोवर्धन गाव ते नाव आजही सांभाळून आहे.

तिसऱ्या लेण्यातील लेख सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मधला. त्यात डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. दान देणारे, घेणारे आणि डोंगर यांची नावे या लेखांत आहेत, पांडवांचे मात्र लेणी कोरणारे म्हणून कुठेही नाही.