टीम्स बकव्हीट: रोपं हलवली की जात वाचते का?

रानगवत: "अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातली टीम्स बकव्हीटची ती मूठभर फुलं हरितगृहात वाढवा, दुसऱ्या डोंगरावर लावा, लिथियमची खाण होऊ द्या," असं ऊर्जामित्र काल लिहून गेले. राहवलं नाही म्हणून लिहितो. हे छोटं रानफुलझाड जगात फक्त तिथल्या ऱ्हायोलाइट रिज या डोंगरावर आहे, तेही सगळं मिळून 10 एकरांत. डिसेंबर 2022 मध्ये ते संकटग्रस्त ठरलं, 910 एकर अत्यावश्यक अधिवास, म्हणजे जात टिकायला लागणारी जमीन, जाहीर झाला.

ऊर्जामित्र: खाणीचा आराखडा बदललाय. झाडं उपटायची नाहीत. ऑक्टोबर 2024 ची सरकारी मंजुरी त्यावरच आहे. बॅटऱ्यांना लिथियम कुठून आणायचं, तेही सांगा.

रानगवत: झाडं ठेवली, पण जाहीर अधिवासाचा साधारण पाचवा हिस्सा जातोच ना? झाडांभोवतीचा 500 मीटरचा पट्टा भुंगेरे, गांधीलमाश्या, माश्यांसाठी धरलाय. ते गेले तर त्या पिवळसर गोंड्यांत बी धरणार कसं?

मातीवाला: लावणीचंच बोलू. बी रुजतं, घोळ पुढे होतो. सैल मिश्रणात रोज पाणी प्यायलेल्या रोपाची मुळं कुंडीतच गोल फिरतात आणि माळावर पहिल्या उन्हाळ्यात रोप वाळतं. उंच, निमुळती कुंडी घ्या, तिथलीच बोरॉन-लिथियमची माती भरा, पाणी टप्प्याटप्प्यानं तोडा. मोठं झाड खणून हलवायचा विचारही नको, सोटमूळ तुटतं.

ऊर्जामित्र: आणि 2020? 17 हजारांहून जास्त झाडं उद्ध्वस्त झाली तेव्हा तुमच्याच बाजूनं माणसांवर आळ घेतला. डीएनए तपासणीत खारी निघाल्या!

रानगवत: ती घाई चुकली, मान्य. पण 2019 ची मोजणी जवळपास 44 हजारांची होती. दुष्काळात खारींनी मुळं कुरतडली आणि एका हंगामात एवढं गेलं. त्यात खाणीची भर कशाला?

मातीवाला: खारींसाठी नुसता वरून पिंजरा घालू नका, त्या खालून शिरतात. बारीक जाळी फूटभर पुरून तळ बाहेर वळवा. जुन्या झाडाजवळ मात्र चर खणू नका, मुळं दुखावतात.

ऊर्जामित्र: बरं, लावणीची खात्री नाही, एवढं मागे घेतो. खाणीचा विरोध मात्र पटत नाही.

रानगवत: मग आधी लावलेली रोपं फुलू द्या, बी धरू द्या, त्या बियांची रोपं माळावर आपोआप उगवलेली दाखवा. नुसतं रोप जगलं हे मोजू नका.